स्वच्छ काचेची बाई

मला माणूस ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नाही. त्याच्या मोटारीची पुढची काच पुरते.

सतरा वर्षं मी बेल फोर्कला पेट्रोल पंप चालवतोय. गाडी दारातल्या रबरी नळीवरून गेली की आत घंटा वाजते, टिंग-टिंग, आणि दुसरी टिंग संपायच्या आत मी बाहेर असतो. पेट्रोल भरेपर्यंत काच पुसायची, इंजिनातलं तेल बघायचं, टायर दाबून बघायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. गिऱ्हाईक पैसे देतं पेट्रोलचे, बाकीचं सगळं आमच्या हौसेचं. पण काचा पुसता पुसता मी जे शिकलो ते नेब्रास्कातल्या कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. काचेवर टोळ चिकटलेले असले की गाडी पश्चिमेच्या कुरणांकडून आली. पिवळी फुलपाखरं असली की दक्षिणेच्या लसूणघासाच्या शेतांमधून. नदीकाठची पांढरी चिलटं म्हणजे पूर्व. आणि पतंग असले तर स्वारी रात्रभर गाडी हाकत आली आहे, तिच्याशी जरा बेतानं बोलावं. एकदा एका गृहस्थाला मी सहज विचारलं, "काय, सासुरवाडीहून परत का?" तो गारच पडला. अहो, काचेवर नदीकाठची चिलटं, मागच्या सीटवर मुरंब्याच्या आठ बाटल्या आणि गाडीचा वेग सत्तरचा. त्यात अवघड काय आहे?

माझ्या बायकोला, लिबीला, या विद्येचं काडीचं कौतुक नाही. ती म्हणते, "एमिल, तू काच वाचत बसतोस आणि पुसायची राहून जाते."

तर ही गोष्ट चोपन्न सालच्या जुलैमधली. मार्च महिन्यात आमच्या कंपनीची, म्हणजे प्रेअरी स्टारची, तपासनीस बाई गुपचूप येऊन गेली होती. आमच्या पंपावर मोठी हिरवी पाटी आहे, 'येथील स्वच्छतागृह स्वच्छ असल्याची हमी'. ती हमी खरी आहे की नाही हे बघत या बाया गावोगाव फिरतात, आणि कोण, कुठली, काही सांगत नाहीत. आमच्याकडे ती कधी आली, कधी गेली, मला पत्ता नाही. मार्चमध्ये किडे नसतात, त्यामुळे कुणाची काच माझ्या लक्षात राहत नाही. पण बायकांच्या स्वच्छतागृहात तिला दोन टायर आणि बटाट्याचं एक पोतं सापडलं. कंपनीचं पत्र आलं. पुन्हा नापास झालात तर पाटी उतरवू आणि सप्टेंबरात पंपाचा करार संपतो, तो पुढे चालू ठेवणार नाही.

पत्र वाचून लिबी एवढंच म्हणाली, "लाडा दादाला एक माणूस हवाच आहे."

लाडा तिचा भाऊ. त्याच्याकडे सहाशे डुकरं आहेत. मला डुकरांची भीती वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी एका डुकरिणीनं मला कुंपणावर चढवून दुपारभर खाली उतरू दिलं नव्हतं. तेव्हापासून मी त्या जातीशी फक्त सॉसेजच्या रूपात संबंध ठेवले आहेत. शिवाय सतरा वर्षांचा पंप सोडायचा, तोही एका बटाट्याच्या पोत्यापायी, या विचारानं माझी झोप उडाली होती. रस्त्यापलीकडे ग्लेन ओस्टरमनचा दुसऱ्या कंपनीचा पंप आहे. तो तर रोज खुर्ची टाकून बसायचा आणि ओरडून विचारायचा, "एमिल, डुक्कर जेवतं किती रे दिवसाला?"

सोमवारी पेट्रोलचा टँकर घेऊन वॉल्ट आला. टाकीत नळी सोडून तो माझ्या कानाशी लागला.

"या आठवड्यात येतेय. याच रस्त्यानं."

"कोण?"

"ती. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. गाडी स्वतःची असते. आधी किल्ली मागते आणि जे दिसेल ते वहीत लिहिते. याच्यापुढे मला काही माहीत नाही."

मला याच्यापुढचं माहीत होतं. वॉल्ट जाईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा हिशोब बसला होता. मी घरात जाऊन लिबीला सांगितलं, "ती बाई रस्त्यावरच्या आमच्या कंपनीच्या दर पंपावर थांबणार. दर पंपवाला तिची काच पुसणार. म्हणजे या रस्त्यावरची सगळ्यात स्वच्छ काच जिची, तीच ती. समोर आली की मी दुरूनच ओळखतो."

"आणि चुकलास तर?"

"लिबी, हा अंदाज नाही. हे शास्त्र आहे."

तीन दिवस आम्ही दोघं राबलो. टायर गोदामात नेले, बटाटे घरी नेले. लिबीनं लेसचा पडदा शिवला, ग्लॅडिओलसची फुलं ठेवली, नवा साबण, नवे कागदी रुमाल. फरशी मी गुडघ्यांवर बसून घासली. बुधवारी संध्याकाळी माझ्या मनात आलं की दार जुनाट दिसतंय, म्हणून ट्रॅक्टरला लावायचा हिरवा रंग आणला आणि दार, चौकट, कडी, बिजागऱ्या, सगळ्याला दोन दोन हात दिले.

लिबी म्हणाली, "हा रंग वाळायला तीन दिवस लागतात."

"माझा रात्रीत वाळतो," मी म्हणालो.

एक गोष्ट आवरायची राहिली होती. ती म्हणजे कवळी. मागच्या शनिवारी संध्याकाळी बायकांच्या स्वच्छतागृहातली नवीकोरी, कागदातली साबणाची वडी नाहीशी झाली आणि तिच्या जागी, कागदी रुमालात नीट गुंडाळलेली, वरच्या दातांची एक कवळी सापडली. लोक आमच्याकडे छत्र्या विसरतात, एकानं एकदा सासूच विसरली होती, पण दात पहिल्यांदाच. लिबीनं ते काचेच्या पेल्यात पाण्यात घालून गल्ल्याजवळ ठेवले. रोज सकाळी ती पाणी बदलायची. म्हणायची, "कुणीतरी बिचारं पेज पिऊन दिवस काढत असेल." गावातली माणसं मुद्दाम ते दात बघायला यायची. ग्लेन तर त्यांना टोपी काढून नमस्कार करायचा.

गुरुवारी सकाळी दहाला टिंग-टिंग झालं. मी खिडकीतून पाहिलं. फिक्या निळ्या गाडीची काच इतकी लख्ख होती की काच आहे की नाही हे कळू नये. एक चिलट नाही, एक पंख नाही.

पहिली नजर माझी गेली कवळीवर. गोळ्या-चॉकलेटच्या बरणीशेजारी कुणाचे तरी दात हसतायत, हे काही कंपनीला आवडलं नसतं. मी ती पेल्यातून काढली, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळली, मागच्या खिशात टाकली आणि बाहेर धावलो.

गाडीतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. पांढरे हातमोजे, हॅट, आणि तोंडावर घट्ट धरलेला रुमाल. मी मनात म्हटलं, वा, वासाची परीक्षा अंगणापासूनच सुरू झाली.

"सुप्रभात बाई! पेट्रोल? तेल बघू?"

त्यांनी पर्समधून छोटी वही काढली, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. 'बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली द्या.'

स्वच्छ काच, आधी किल्ली, आणि वर वही. माझ्या शास्त्राचा असा विजय झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. पलीकडून ग्लेन खुर्चीतून अर्धा उठून बघत होता. मी त्याला डोळा मारला.

आमची किल्ली लोक खिशात घालून निघून जातात म्हणून मी ती जुन्या ट्रॅक्टरच्या पिस्टनला बांधून ठेवली आहे. पिस्टन साडेतीन किलोचा. बाई तो दोन्ही हातांनी उचलून, एका अंगावर झुकत, इमारतीच्या बाजूला गेल्या. रंग वाळावा म्हणून मी दार सकाळपासून उघडंच ठेवलं होतं, त्यामुळे किल्लीची तशी गरजच नव्हती. पण कंपनीच्या बाईला नियमाप्रमाणे किल्ली दिलेली बरी. त्या आत गेल्या, दार ओढून घेतलं. चप्प असा आवाज आला. तो आवाज मला तेव्हाच खटकायला हवा होता.

मी त्यांची काच पुसायला घेतली. त्या काचेवर पुसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी तीनदा पुसली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आतून दारावर थाप पडली. मी धावत गेलो. दाराखालच्या फटीतून एक चिठ्ठी बाहेर आली. 'इथेही नाही.'

इथेही नाही? काय नाही? साबण होता, फुलं होती. नक्की रुमाल कमी पडले. मी आतून कागदी रुमालांचा अख्खा गठ्ठा आणला आणि एक एक करून फटीतून आत सारायला लागलो. विसाव्या रुमालाला दुसरी चिठ्ठी आली. 'हे नकोत. दार उघडा.'

मी कडी धरून दार ओढलं. दार हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं, तेव्हा कडी स्क्रूसकट माझ्या हातात आली. दार होतं तिथेच. माझ्या तळहाताला मात्र उत्तम हिरवा रंग लागला. तो रंग रात्रीत वाळला नव्हता, आणि दार चौकटीला असं धरून बसलं होतं की जणू दोघांचं लग्न लागलंय.

"बाई, घाबरू नका!" मी दाराला तोंड लावून म्हणालो. "एरवी हे दार बोटानं उघडतं. आमच्याकडे आजवर कुणी अडकलेलं नाही!"

तिसरी चिठ्ठी आली. अक्षर जरा वाकडं झालं होतं. 'मला शनिवारी लग्नाला जायचं आहे.'

आज गुरुवार. म्हणजे बाईंनी मनाची तयारी दोन दिवसांची केली होती. माझ्या डोळ्यांसमोर सहाशे डुकरं आली, आणि ती सगळी माझ्याकडेच बघत होती.

अशात टिंग-टिंग झालं.

गाडी जुनी, काळी, आणि तिची काच, काय सांगू, वाचायची म्हटलं तर आठवडा लागला असता. टोळ, पिवळी फुलपाखरं, पांढरी चिलटं, पतंग, सगळे एकावर एक थापलेले. मध्ये ताटलीएवढी जागा तेवढी मोकळी, तिच्यातून बघत गाडी चालवायची. मी एका नजरेत निकाल लावला. चारी दिशांचे किडे म्हणजे ही बाई रस्ता चुकून चारी दिशांना भटकतेय. मागच्या सीटवर काकड्यांच्या तीन पाट्या, म्हणजे शेतावरची. आज आपल्याला हिच्यासाठी वेळ नाही.

गाडीतून साठीच्या, आडव्या बांध्याच्या, पुरुषी बूट घातलेल्या एक बाई उतरल्या. "किल्ली मिळेल का?"

"मावशी, आज स्वच्छतागृह बंद आहे. समोर ग्लेनकडे जा."

"मी कुणाची मावशी नाही. बंद का?"

"आत माणूस आहे."

"मग थांबते."

"थांबून उपयोग नाही. माणूस आत अडकलाय."

त्यावर दुसरी कुणी असती तर निघून गेली असती. या बाई बाह्या सरसावत थेट दारापाशी आल्या. रंगाला बोट लावलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरचा रंग. कधी लावलात?"

"काल संध्याकाळी."

"दोन हात?"

"दोन."

"कडीला पण? बिजागऱ्यांना पण?" त्या मान हलवत राहिल्या. "एवढी कसली घाई होती?"

आता बघा, माणूस घाबरला की त्याला कुणाशी तरी बोलावं लागतं. मी त्यांना चार पावलं बाजूला नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. "आत आमच्या कंपनीची तपासनीस बाई आहे. गुप्त असते, पण मी काचेवरून ओळखली. तिनं मला पुन्हा नापास केलं तर पंप जातो. म्हणून तर हे पडदे, फुलं, रंग! एरवी इथे कोण फुलं ठेवतंय? एरवी मी इथे टायर ठेवतो. ती येणार असल्याचं मला आतून कळलं होतं."

"आतून कुठून?"

"ते नाही सांगता येणार. टँकरवाल्याला शब्द दिलाय."

"हं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात लिबी घरातून आली. तिच्या हातात कोलाचेंची मोठी थाळी होती. कोलाचे म्हणजे आम्हा चेक लोकांचे गोड पाव, मधे जर्दाळूचं किंवा खसखशीचं सारण. तपासनीस बाईंसाठी तिनं पहाटे उठून भाजले होते. काकडीवाल्या बाईंनी वास घेतला आणि त्यांचा हात आपसूक थाळीकडे गेला.

"नका, नका!" मी ओरडलो. "ते कंपनीच्या बाईंसाठी आहेत."

त्यांनी हात मागे घेतला. लिबीनं माझ्याकडे असं पाहिलं की त्याची चर्चा रात्री होणार हे मला कळलं.

"स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी आणा," बाई म्हणाल्या. "दार बाहेर उघडतं ना? मग बिजागऱ्यांच्या खिळी बाहेरच्या अंगाला आहेत. ओढून काय होणार? खिळी काढायच्या, दार आपोआप सुटतं. मी स्वतः आजवर बेचाळीस वेळा अडकले आहे."

बेचाळीस वेळा स्वच्छतागृहात अडकणारी बाई कोण असू शकते, हा विचार एखाद्या हुशार माणसाच्या मनात आला असता. माझ्या मनात आला तो एवढाच, की बिचारीचं नशीब वाईट दिसतंय.

त्यांनी तीन खिळी ठोकून बाहेर काढल्या. खालची, मधली, वरची, आणि वरच्या खिळीबरोबर म्हणाल्या, "आता धरा." मी धरायला गेलो तेव्हा दार निघालेलंच होतं. ते सावकाश, थाटात, माझ्या अंगावर आलं आणि मी त्याच्याखाली उताणा पडलो. पलीकडून ग्लेननं टाळ्या वाजवल्या.

कपाळापासून गुडघ्यापर्यंत हिरवा झालेला मी दाराखालूनच म्हणालो, "प्रेअरी स्टार पंपावर आपलं स्वागत असो."

आतल्या बाई रुमालानं तोंड झाकून बाहेर आल्या. डोळे रडून लाल झालेले. ते बघून मात्र मला खरंच वाईट वाटलं. पंप गेला तर गेला, पण एका बाईमाणसाला आपण रडवलं, ही गोष्ट जिव्हारी लागली. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वहीत भराभर दोन पानं लिहिली आणि ती काकडीवाल्या बाईंच्या हातात दिली.

त्यांनी वाचलं. मग माझ्या अंगावरचं दार उचलून भिंतीला टेकवलं आणि म्हणाल्या, "एमिल, ही बाई कुठल्याही कंपनीची नाही. कॉटनवुडच्या मिसेस लुंडग्रेन आहेत या. मागच्या शनिवारी नवऱ्याबरोबर बहिणीकडून परत येत होत्या. रासबेरीचं बी अडकून हिरडी सोलली होती, म्हणून वाटेतल्या दर पंपावर कवळी काढून धुवायच्या आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवायच्या. घरी गेल्यावर कागद उघडला तर आत साबणाची वडी. परवा यांच्या मुलीचं लग्न आहे. काल सकाळपासून त्या रस्त्यावरच्या एकूणएक पंपावर शोधत फिरतायत. पुरुषमाणसाला कसं विचारायचं म्हणून विचारलं नाही."

दर पंपावर थांबत फिरतायत. दर पंपवाल्यानं काच पुसली. शास्त्र बरोबर होतं हो, बाई चुकली.

मी तेलाच्या डब्यावर मटकन बसलो, आणि किंचाळून उभा राहिलो. कवळी चावली होती.

मी मागच्या खिशातून फडकं काढून मिसेस लुंडग्रेनच्या पुढे धरलं. त्यांनी ते उघडून पाहिलं, झटकन पाठ फिरवली, आत जाऊन कवळी धुतली, आणि वळल्या तेव्हा रुमाल हातात होता आणि तोंड भरलेलं होतं. पाच दिवसांचं बोलणं आत साठलेलं. पहिलं वाक्य चार मिनिटं चाललं. त्यात मी, माझा रंग, माझा पिस्टन, माझे रुमाल आणि एकंदर पुरुषजात, सगळ्यांचा समाचार होता. मग त्यांनी विचारलं, "पण ही एवढी स्वच्छ कशी?"

"रोज सकाळी पाणी बदलत होते," लिबी म्हणाली.

मिसेस लुंडग्रेननी लिबीला मिठीच मारली. दोघी रडल्या. मग त्यांनी उभ्या उभ्या तीन कोलाचे खाल्ले, चावून चावून, डोळे मिटून, आणि चार कागदात बांधून घेऊन गेल्या.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला. "वाचलो," मी म्हणालो. "तपासनीस बाई आलीच नाही. आता रात्री दार बसवतो."

काकडीवाल्या बाई बेसिनवर हात धूत होत्या. पडद्याला हात लावून पाहिला, फुलं हुंगली, फरशीवर नजर टाकली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "छान केलंय. मार्चमधलं बटाट्याचं पोतं कुठे गेलं?"

टायरबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. बटाट्यांबद्दल नव्हतं.

लिबीला माझ्या आधी कळलं. तिनं थाळी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी एक जर्दाळूचा आणि एक खसखशीचा कोलाचे घेतला, गाडीपाशी गेल्या आणि काकड्यांच्या पाटीखालून प्रेअरी स्टारची छापील तपासणी-वही काढली.

"मी मिस क्रांट्झ," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं या कामावर आहे. लोकांनी बेसिनवर काय काय विसरलेलं मी पाहिलंय. परक्याचे दात पाच दिवस ताज्या पाण्यात ठेवणारा पंप पहिल्यांदा पाहिला." त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहितील ते मोठ्यानं वाचत गेल्या. "फरशी, उत्तम. साबण, आहे. रुमाल, भरपूर, जमिनीवरसुद्धा. दार..." त्यांनी भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं. "दारामुळे आत जायला अडचण होत नाही. स्वच्छतागृहाचे सत्तर पैकी सत्तर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हिरव्या हातानं पुसलं, ते पुढे आठवडाभर दिसत होतं.

"पास व्हायला किती लागतात, बाई?"

"शंभरात सत्तर."

"म्हणजे पास! आणि वरचे तीस कशाचे?"

मिस क्रांट्झनी आपल्या गाडीकडे बोट दाखवलं. टोळ, फुलपाखरं, चिलटं, पतंग, सगळे होते तिथेच होते, उन्हात वाळून कडक झालेले.

"ही काच मी मुद्दाम दोन आठवडे कुणाला पुसू देत नाही," त्या म्हणाल्या. "जो पुसायला येतो त्याला तीस, आणि मग सांगते, राहू दे. मी येऊन पाऊण तास झाला. तुम्ही पेट्रोल विचारलं नाहीत, तेल बघितलं नाहीत, आणि काचेकडे एकदा बघितलंत ते मला वाटतं मला घालवून द्यायला." त्यांनी शून्य काढलं. मोठं, गोल, दोनदा गिरवलेलं. मग गाडीत बसून, त्या ताटलीएवढ्या भोकातून बघत, पश्चिमेकडे निघून गेल्या.

करार झाला. पाटी आहे तिथे आहे, आणि लाडाला माणूस अजून मिळालेला नाही. सप्टेंबरात कंपनीकडून कराराचे कागद आले त्यांच्याबरोबर एक छोटं खोकंही आलं. आत काच पुसायचा नवा पिवळा स्पंज होता, आणि वापरायची पद्धत छापलेला एक कागद. चित्रांसकट.

लिबीनं तो स्पंज गल्ल्याजवळच्या काचेच्या पेल्यात उभा ठेवला, जिथे दात होते तिथेच. पद्धत तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा.